शिर्के बाईंच्या गाडीचा दणका

“आता बघा,” विश्वजितराव म्हणाले, “आता कसा दणका बसतो ते.”

मी बॉनेटवर हात टेकून उभा राहिलो. शिर्के बाईंनी ब्रेकवर पाय दाबला, गिअरचा दांडा उभ्या गाडीच्या ‘पी’वरून काढला आणि चालायच्या ‘डी’ला आणला. गाडी जागच्या जागी जराशी हलली. दणका नाही, आवाज नाही, काही नाही.

“परत कर आई.”

बाईंनी परत केलं. परत तेच. शाळेत तपासणीला साहेब आले की वांड पोरगं कसं हाताची घडी घालून बसतं, तशी ती गाडी माझ्या गॅरेजात शहाणी होऊन उभी होती.

“घरी बसतो हो दणका,” विश्वजितराव वैतागून म्हणाले. “रोज सकाळी. परवा तर मला वाटलं, मागून कुणी ठोकलंच.”

बाई काही बोलल्या नाहीत, काचेतून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मला तिथंच खटकायला पाहिजे होतं. जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेली बाई, निम्म्या साताऱ्याला जिने नकाशे गिरवायला लावले, ती स्वतःच्या गाडीबद्दल चकार शब्द काढत नाही म्हणजे काय? पण मी तेव्हा गाडीकडे बघत होतो.

याला आता वीसेक वर्षं झाली. ऑटोमॅटिक गाडी म्हटलं की साताऱ्यातले मिस्त्री तेव्हा हात जोडायचे. मी मस्कतला राहून आलेलो, तिकडं सगळ्या गाड्या तसल्याच. त्यामुळं गोडोलीच्या माझ्या गॅरेजात कुठली कुठली माणसं यायची, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता. ‘संपत निकमकडे न्या, तो सांगेल’ असं कुणी म्हटलं की मला दोन घास जास्त जायचे.

बाईंची गाडी जुनी, बदामी रंगाची. डावा गुडघा कायमचा आखडल्यावर त्यांच्या मालकांनी मुंबईहून शोधून आणलेली, कारण हिला क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. पुढं मालक गेले. गाडी राहिली आणि बाई राहिल्या. एसटीची पायरी त्यांना चढता येत नव्हती. वाईला त्यांची धाकटी बहीण शांताबाई एकटीच राहायची, तिच्याकडे दर आठवड्याला बाई स्वतः गाडी चालवत जायच्या. दोघी दिवसभर झब्बू खेळायच्या, भांडायच्या, आणि ऊन उतरल्यावर बाई परत यायच्या.

“मी सोमवारी नाशिकला परत जाणार,” विश्वजितराव मला बाजूला घेऊन म्हणाले. माणूस चांगला, आईची काळजी करणारा. “गिअरबॉक्सच जाणार असेल तर वाटेत कुठंतरी ही अडकून बसेल. सुट्या भागांसाठी गाडी घेणारा एक जण रविवारी येतोय. तुम्ही नक्की सांगा, ठेवू का देऊन टाकू?”

“आणि बाई वाईला कशा जाणार?”

“ड्रायव्हर बघतो म्हटलं. नको म्हणते. तो बाहेर ताटकळणार, म्हणून आम्ही घाईघाईत पत्ते टाकणार, त्यापेक्षा जातच नाही म्हणाली.”

“गाडी ठेवून जा,” मी म्हटलं. “उद्या सांगतो.”

मग मी गाडीच्या मागंच लागलो. तेल मोजायची पट्टी काढून गिअरचं तेल बोटावर घेतलं, हुंगलं. जळकट वास नाही, रंग लालभडक. उभ्या गाडीची रेस चढलेली असली तर गिअर टाकताना झटका बसतो, म्हणून ती बघितली. बरोबर होती. राहिली इंजिनाखालची रबरं. ती फाटली की गिअर पडताना इंजिन उडी मारतं. ते बघायला माणसं दोन लागतात, एक आत ब्रेक दाबून गिअर बदलणारं आणि एक बाहेर डोळे लावून उभं राहणारं. मी बायकोला, उज्ज्वलाला, हाक मारली. आमचं घर गॅरेजच्या मागंच.

उज्ज्वला आली, दार उघडलं आणि थबकली. “अहो, ही बाईंची सीट आहे.”

“मग काय उभ्यानं ब्रेक दाबणार आहेस?”

“तुम्हाला काय जातंय बोलायला. नकाशात कोयना उलटी काढली म्हणून वर्गाबाहेर उभी केली होती मला.”

शेवटी बसली, पण अशी ताठ, जशी काही बाई मागच्या सीटवरून बघतायत. मी सांगेन तसा गिअर टाकत राहिली. मागं, पुढं, मागं, पुढं. इंजिन आपलं पाटावर बसल्यासारखं शांत. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी चालू करून बघितली. तरीही मऊ.

“गाडीला काही झालेलं नाही,” मी उज्ज्वलाला म्हणालो. “त्या विश्वजितरावांना नाशिकच्या नव्या गाड्यांची सवय, जरा हललं की यांना दणका वाटतो.”

“बाईंना काय वाटतं?”

“बाई काही बोलत नाहीत.”

उज्ज्वलाने माझ्याकडे बघितलं. “बाई बोलत नाहीत? मग नक्कीच काहीतरी बिघडलंय.”

बायकोचं ऐकायची अक्कल मला तेव्हा नव्हती. मी गाडी घेतली आणि यवतेश्वरच्या पायथ्याला बाईंच्या घरी नेऊन लावली. घर उतारावर. फाटकापासून पडवीपर्यंत अंगण असं तिरकं की पाण्याचा हंडा सरळ ठेवायला खाली चपटा दगड लागावा. गाडी तोंड खाली करून लावली, पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि विश्वजितरावांसमोर गिअर टाकून दाखवला. लोण्यासारखा पडला.

“बघा. ठणठणीत आहे.”

“उद्या सकाळी सांगतो,” ते म्हणाले. पटलं नव्हतं त्यांना. बाई पडवीत उभ्या होत्या. “पोहे अजून घे संपत,” एवढंच म्हणाल्या.

सकाळी मी दात घासत होतो तेवढ्यात फोन. “संपतराव, आई काल संध्याकाळी बाजारात जाऊन आली. आता मी गाडी काढायला गेलो तर धाड. तसाच दणका. मी गाडी तिथंच परत लावून ठेवलीय.”

“कशी लावली? तुम्ही काय काय केलं?”

“काय करायचंय? जरा मागं घेतली, ‘पी’ला टाकली, उतरलो. आई लावते तशीच.”

“आता हात लावू नका कुणी. मी आलो.”

माझ्या जिवाला ते लागलं होतं. चहा न घेता निघालो. वाटेत सगळा हिशेब मनात फिरत होता. माझ्याकडे होत नाही, त्यांच्याकडे होतो. मी लावली तर होत नाही, त्यांनी लावली तर होतो. म्हणजे आग रामेश्वरी आणि मी बंब घेऊन सोमेश्वरी, इतकं तोवर कळलं होतं.

अंगणात कुणी नव्हतं. दार उघडून बसलो. ब्रेक दाबला, गाडी चालू केली, दांडा ‘पी’वरून ओढला. सहजी येईना. जोर लावला तेव्हा सुटला, आणि धाड. बूड हललं माझं. सीटशेजारी खाली बघितलं तर हॅन्डब्रेकचा दांडा आडवा पडलेला. ओढलेलाच नव्हता.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ‘पी’ला गाडी उभी राहते ती गिअरबॉक्सच्या आतल्या एका छोट्या खुंटीवर. ती खुंटी एका दात्यात अडकते, बस. सपाटीला तिच्यावर काही भार नसतो. उतारावर हॅन्डब्रेक ओढून मग ‘पी’ला टाकली तर भार ब्रेकवर जातो. ब्रेक नसला तर गाडीचं सगळं वजन त्या एवढ्याशा खुंटीवर. भरल्या पोत्याखाली सापडलेली काठी उपसावी, तशी ती सकाळी उपसून काढायची. मग दणका नाही बसणार तर काय होणार? मी काल हॅन्डब्रेक ओढला होता. माझा हात न सांगता तिकडं जातो, मस्कतच्या उस्तादाने बोटांवर पान्हा मारून लावलेली सवय.

खात्री करायला गाडी जरा वर घेतली, हॅन्डब्रेक ओढला, ‘पी’ला टाकली, परत काढली. मऊ. पुन्हा हॅन्डब्रेकशिवाय केलं. धाड. मला हसूच आलं. एवढ्यासाठी गाडी भंगारात निघाली होती. विश्वजितरावांना हाक मारायला तोंड उघडलं, तर समोर बाई. दोन्ही हातांनी चहाचा कप धरून उभ्या.

“विश्वजित अंघोळीला गेलाय,” त्या म्हणाल्या. “कळलं ना तुला?”

“म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?”

“संपत, मी भूगोल शिकवला. उतारावरची वस्तू खाली ओढली जाते एवढं मला कळतं.”

“मग हॅन्डब्रेक ओढत का नाही बाई?”

त्यांनी कप बॉनेटवर ठेवला. डावा हात पुढं केला, मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ओढत नाही असं नाही. ओढवत नाही.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. आधी एका हाताने जमेना, मग दोन्ही हातांनी ओढायला लागले. आता तेही नाही. आधी गुडघा गेला, आता हात निघाला. कणीक मळायचं कामवाल्या सखूला सांगितलं, कपडे पिळायचे सोडले. म्हटलं, उरलाय तो हात जपून वापरावा.”

“मग विश्वजितरावांना सांगायचं की.”

“काय सांगू? आईच्या हातातलं बळ गेलं? तो उद्याच्या उद्या माझं बिऱ्हाड नाशिकला हलवेल.” त्या जराशा हसल्या. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“पण बाई, ती खुंटी कधी मोडली तर गाडी थेट खालच्या आळीत जाईल. पोरं खेळतात तिथं. मी गप्प नाही बसणार.”

“मला कळत नाही का ते? म्हणून तर विकायला हो म्हटलं.” आवाज एकदम शाळेतल्यासारखा झाला. “रविवारी माणूस येऊन नेईल. तोवर गप्प राहा, एवढंच मागते. गाडी म्हातारी झाली म्हणून गेली, असं होऊ दे. मी म्हातारी झाले म्हणून गेली, असं नको. शांतालाही मी तेच सांगणार आहे.”

मला फार वाईट वाटलं. रागही आला, कशाचा ते सांगता येणार नाही. एवढी करारी बाई, आणि आपल्याच हाताचं गुपित सांभाळत सहा-सात महिने रोज सकाळी तो दणका मुकाट्यानं ऐकत होती. मी परत सीटवर बसलो आणि उगीच हॅन्डब्रेक ओढला. आला वर. माझा हात पान्हे ओढून ओढून दगड झालेला, त्याला काय कळणार. खाली टाकला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, खांदा ढिला सोडला आणि नुसत्या मनगटावर ओढून बघितला.

हलला नाही.

अजून थोडा जोर केला. तरी नाही.

“बाई,” मी म्हटलं, “जरा चाकांना दगड द्यायला पाहिजेत. कुठं आहेत?”

चारी चाकांना दगड लावून मी गाडीखाली शिरलो. हॅन्डब्रेकच्या दांड्यापासून मागच्या चाकांपर्यंत तारेची केबल जाते, एका नळीतून. ती नळी मध्येच चिरली होती. आदल्या पावसाळ्यातलं पाणी आणि अंगणातला चिखल आत जाऊन केबल गंजून नळीला चिकटून बसली होती. मी पकडीने धरून ओढली तर खरवडत खरवडत बोटभर आली आणि थांबली. गाडीखाली पडल्या पडल्या मी मोठ्यानं हसलो. बाईंचे पाय तेवढे दिसत होते मला, ते जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात विश्वजितराव टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. “सापडलं का काही?”

“सापडलं,” मी बाहेर येत म्हटलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी चौथीतला असतो तर पळालो असतो. “गिअरबॉक्स झकास आहे. हॅन्डब्रेकची केबल जाम झालीय. ब्रेक धड ओढला जात नव्हता, तर गाडीचा भार गिअरबॉक्सवर यायचा. त्याचा दणका. केबल बदलली की झालं.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

“एवढंच?” ते म्हणाले. “आणि मी नाशिकपर्यंत फोन करून गिअरबॉक्सची चौकशी करत बसलोय.”

बाई आत गेल्या. त्यांना वाटलं असणार, मी त्यांची अब्रू राखायला केबलचं निमित्त काढलं. मीही उलगडा केला नाही. तोंडाने सांगून त्यांना पटलं नसतं.

पोवई नाक्यावर केबल मिळाली, पण लांबीला जास्त. ती बेतून, टोकं बसवून, ग्रीस भरून घालेपर्यंत दुपार टळली. मी दगड तसेच ठेवले आणि हाक मारली. बाई पडवीच्या पायऱ्या उतरून सावकाश आल्या. विश्वजितराव फाटकाशी उभे.

“बसा बाई. हॅन्डब्रेक ओढून बघा.”

“तू ओढ की. तू बसवलास.”

“गाडी तुमची आहे.”

त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत सरळ विनवणी होती, पोरासमोर नको म्हणून. मी ऐकलं नाही. बाई बसल्या. डावा हात दांड्यावर ठेवला, ओठ घट्ट मिटले, आणि कितीतरी महिन्यांच्या सवयीनं सगळ्या अंगाचा जोर लावून ओढला.

दांडा कटकटकट करत थेट वर आला आणि बाई तोल जाऊन सीटवर मागं आदळल्या.

“आई, लागलं का?” विश्वजितराव पुढं धावले.

बाईंनी दांड्याचं बटण दाबून तो खाली केला. परत ओढला, आता बेताने. कट, कट, कट. खाली केला. मग दोन बोटांनी ओढला. आला. मग त्यांनी हात वर घेऊन आपल्याच मनगटाकडे बघितलं, पालथं बघितलं, उताणं बघितलं, मूठ मिटली, उघडली.

“काय करतेस आई?”

“ब्रेक बघतेय,” त्या म्हणाल्या. चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसत बसल्या.

मी दारातून वाकून हळूच म्हटलं, “केबल गंजली होती बाई. दिवाळीच्या आधीपासूनच असणार. माझ्याही मनगटाने तो ओढवला नाही.”

“म्हणजे माझा हात?”

“हाताचं डॉक्टरला विचारा, मी मिस्त्री आहे. केबल गेली होती एवढं मी लिहून देतो.”

त्यांनी चष्मा चढवला. “विश्वजित,” म्हणाल्या, “त्या माणसाला फोन कर. गाडी द्यायची नाही म्हणावं. आणि चप्पल घाल, वाईला जाऊन येऊ. शांता दोन आठवडे वाट बघतेय.”

मी दगड काढले. बाईंनी ब्रेकवर पाय ठेवला, दांडा ‘डी’ला आणला, आणि गाडी आवाजसुद्धा न करता फाटकाबाहेर उतरून गेली. फाटक लावायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. ते मी लावलं.

पुढं पंधरवड्यानं बाई गॅरेजवर आल्या. उज्ज्वलाच्या हातात कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली, काचेची, फिरकीच्या झाकणाची. “यंदा घालायचं नाही असं ठरवलं होतं,” म्हणाल्या, “मग घातलं.” आणि निघून गेल्या, वाईला जायची घाई होती.

दुपारी जेवायला बसलो. उज्ज्वलाने झाकण फिरवलं, फिरेना. माझ्याकडे दिलं. मी फडकं गुंडाळून लावलं, बरणी गुडघ्यात धरून लावलं, गरम पाण्यात धरून लावलं. दगड झालेला हात माझा, पण झाकण ढिम्म हलेना. शेवटी भाकरी निवायला लागली तेव्हा उज्ज्वलाने बाईंना फोन लावला.

“बाई, ते झाकण कुणी लावलं हो?”

“मीच. तुला जमत नसेल तर संपतला दे,” असं काहीतरी पलीकडून आलं. “नाही हो,” उज्ज्वला म्हणाली, “यांच्यानं पण उघडत नाही. केव्हापासून झटतायत.” मग तिने फोन माझ्याकडे दिला. “तुम्हाला बोलावतायत.”

“बोला बाई.”

“काय म्हणते उज्ज्वला? काय होत नाही तुझ्यानं?”

“झाकण उघडत नाही बाई.”

त्या म्हणाल्या, “परत सांग.”

मी परत सांगितलं.